एकेचाळिसावा आठवडा

"मॅडम, आपण याआधी कुठे भेटलोय का हो?" खुर्चीत टेकता टेकता टिपणीसनं विचारलं आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर सरकवला.

"नाही," मी म्हणाले. "भेटलो नाही आपण."

ते खरंच होतं. भेटलो कधीच नव्हतो. त्या दिवसाच्या तीन वर्षं आधी चाळीस आठवडे, दर सोमवारी सकाळी दहाला, मी त्याच्या मुंबईच्या ऑफिसात फोन करायचे, एवढाच आमचा संबंध. चाळीस सोमवारांत हा गृहस्थ एकदाही फोनवर आला नाही. फोन उचलणारी पोरगी म्हणायची, "होल्ड करा हं," आणि मग सनईची एक टेप लागायची. ती सनई मला आजही लग्नात ऐकवत नाही. एकेचाळिसाव्या आठवड्यात तो स्वतः फोनवर आला आणि जे बोलला, ते मी लग्नातला शालू जपतात तसं जपून ठेवलं होतं.

मी डूख धरणारी बाई आहे, आधीच सांगून टाकते. लहानपणी ठेच लागली की मी आधी दगडाला लाथ मारायचे आणि मग रडायचे. आई डोक्याला हात लावायची.

टिपणीस पेढे घेऊन आला तेव्हा मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका मीटर बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागाची प्रमुख होते. घराघरांतले विजेचे मीटर. प्रत्येक मीटरच्या पोटात नखाएवढी एक चिप असते. ती नसली तर मीटर म्हणजे नुसता प्लास्टिकचा डबा. या चिप्स बनवणाऱ्या परदेशी कंपन्या आमच्यासारख्यांना दारात उभं करत नाहीत. मधे डिस्ट्रिब्युटर लागतो. टिपणीस अशाच एका बड्या डिस्ट्रिब्युटरचा मॅनेजर होता. टंचाईच्या वर्षी, जगभर चिप मिळेनाशी झाली तेव्हा, कुणाला माल द्यायचा आणि कुणाला नाही हे तो ठरवायचा. लोक त्याच्या केबिनबाहेर फळांच्या करंड्या घेऊन बसत, असं ऐकलं होतं. आता टंचाई संपली होती. घाबरून दुप्पट-तिप्पट ऑर्डरी टाकणाऱ्यांनी त्या रद्द केल्या होत्या, आणि सगळा माल याच्या गोदामात तुंबला होता. म्हणून करंडी घेऊन फिरायची पाळी त्याची होती.

"साठ रिळं आहेत," तो म्हणाला. "एका रिळात हजार नग. सगळा ओरिजिनल माल, पाकिटं सीलबंद. तुमच्या मीटरला अगदी हीच चिप लागते."

"डेट कोड काय?"

त्यानं बॅगेतून एक रीळ काढून लेबल माझ्याकडे वळवलं. लेबलावर चार आकडे असतात. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. चिप कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात बनली ते त्यावरून कळतं. वर्ष दोन वर्षांपूर्वीचं होतं, आठवडा एकतिसावा.

"आणि आज चालू आहे तो तिसावा," मी म्हणाले. "आमच्याकडे दोन वर्षांपेक्षा जुना माल आत घेत नाहीत. माहीत असेलच."

"म्हणून तर धावत आलो ना मॅडम. पुढच्या रविवारपर्यंत माल कोडात बसतोय. तुम्ही आज हो म्हणालात तर उद्या टेम्पो दारात."

खरं सांगायचं तर चिप काही शिळी होत नाही. फार तर तिच्या पायांवर कथिलाचा टाका नीट बसत नाही, आणि सीलबंद पाकिटातल्या मालाचं तेही क्वचित. पण नियम तो नियम. आणि तो शिथिल करायचा तर कंपनीत एक फॉर्म होता, त्या फॉर्मवर एकच सही लागायची. माझी.

"हरकत नाही," मी गोड आवाजात म्हणाले. "फक्त तुमची कंपनी आमच्याकडे नवीन आहे. पुरवठादार म्हणून नोंद करायची तर मला एक यादी लागेल. टंचाईच्या वर्षी ज्यांचा कबूल केलेला माल तुम्ही दुसरीकडे वळवलात, त्या सगळ्यांची. नाव, गाव, किती नग. खाली तुमची सही."

त्याचा चेहरा पडला. "मॅडम, असली यादी कुणी ठेवतं का?"

"नसेल तर करा. ज्यांनी एकदा तोंडाला पानं पुसली ते पुन्हा पुसणार नाहीत, एवढी खात्री नको का आम्हाला?"

पेढ्यांचा बॉक्स मी परत त्याच्याकडे सरकवला. आमच्याकडे भेटवस्तू चालत नाहीत.

आता ते चाळीस सोमवार कशासाठी होते, ते सांगते.

मीटर कंपनीत येण्याआधी मी खैरनार सरांकडे होते. विश्राम खैरनार. अंबडलाच एक छोटा गाळा, अकरा माणसं, नाव सुयोग कंट्रोल्स. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या भरल्या की पंप आपोआप बंद करणारी पेटी ते बनवत. सर स्वतः सर्किट काढत, स्वतः टाके तपासत, आणि कुणाचं चुकलं तर ओरडण्याऐवजी शेजारी बसून पुन्हा करून दाखवत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एका पंप कंपनीची मोठी ऑर्डर मिळाली होती. चार हजार पेट्या. चिप टिपणीसच्या कंपनीकडे नोंदवली. उत्तर आलं, चाळीस आठवडे लागतील, माल कबूल. सर म्हणाले, चाळीस तर चाळीस. तोवर आम्ही बाकीचं सगळं बसवून ठेवलं. चार हजार हिरवे बोर्ड, प्रत्येकावर सगळे भाग, आणि मधोमध एक रिकामा चौकोन.

एकेचाळिसाव्या आठवड्यात तीन ओळींची मेल आली. माल अन्य ग्राहकाकडे वळवला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

मी फोन केला. रडले, भांडले, पोरीला हलू दिलं नाही. शेवटी टिपणीस आला. म्हणाला, "बाई, चार हजार नगांसाठी कुणी एवढा आकांत करतं का? ज्यांचे चार लाख अडकलेत ते गप्प बसलेत." आणि फोन ठेवला. टेबलापलीकडे सर उभे होते. फोन स्पीकरवर होता.

पंप कंपनीनं ऑर्डर काढून घेतली. चार महिन्यांत गाळा बंद झाला. शेवटच्या दिवशी सरांनी अकरा जणांना बसवून जेवू घातलं आणि प्रत्येकाला कुठे नोकरी मिळेल ते कागदावर लिहून दिलं. माझ्या कागदावर या मीटर कंपनीचं नाव होतं. त्यानंतर ते जवळच सिडकोत एक दुकान टाकून वॉशिंग मशीनचे आणि एसीचे बिघडलेले बोर्ड दुरुस्त करायला लागले. टिपणीसचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. ते काम मी माझ्याकडे घेतलं होतं.

यादी मी का मागितली? सुयोगचं नाव त्याच्या हस्ताक्षरात बघायचं होतं मला. बस. ते असतं, तर मी त्या फॉर्मवर सही केली असती. खोटं कशाला बोलू? फॉर्म भरून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. त्याला दोन शब्द ऐकवले असते, सरांना फोन लावून माफी मागायला लावली असती, आणि साठच्या साठ रिळं आत घेतली असती. नाव नसेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मारणारा विसरेल, पण इतकं विसरेल?

पुढच्या आठवड्यात गुरुवारी त्याचा निरोप आला, यादी तयार आहे. म्हटलं, सोमवारी या. शुक्रवारी मला रजा होती. रजा मी त्याचा निरोप आल्यावर टाकली, हेही सांगून टाकते. रविवार ओलांडला की सहीवाचून तो माल आत येणार नव्हता, आणि सही माझी होती. त्याचा जीव मला माझ्या मुठीत हवा होता.

सोमवारी सकाळी तो आला. यादी टाइप केलेली, खाली सही, शिक्का. सत्तेचाळीस नावं होती. पुणे, औरंगाबाद, वापी, कोल्हापूर, नाशिकचीच पाच. मी एकेका नावावर बोट ठेवत खाली गेले. मग पुन्हा वरून सुरुवात केली.

"सगळे आहेत यात?"

"सगळे, मॅडम."

"नक्की?"

"म्हणजे..." तो जरा हसला. "दहा हजारांच्या खालचे धरले नाहीत. ते तसे चिल्लर. त्यांची कुठे नोंद ठेवत बसायची?"

वाटलं, उठावं आणि ते रीळ त्याच्या डोक्यात घालावं. तीन वर्षं मी त्याच्यावर दात धरून होते, आणि त्याच्या पापांच्या यादीत आम्हाला जागा मिळण्याइतकीसुद्धा आमची लायकी नव्हती.

मी ड्रॉवर उघडला, फॉर्म काढला, दोन तुकडे करून टोपलीत टाकला. त्याला कळलं नाही तो कसला कागद होता.

"आज बत्तिसावा आठवडा लागला," मी म्हणाले. "माल कोडाबाहेर गेला. घेता येणार नाही."

"मॅडम! तुम्हीच सोमवारी बोलावलंत!"

"हो. बोलावलं मीच."

तो आधी चिडला, मग गयावया करू लागला. हा माल त्याच्या शब्दावर मागवला होता, वरचे लोक त्याच्या मानेवर बसले होते, दिवाळीपर्यंत तो निघाला नाही तर पंचवीस वर्षांची नोकरी जाणार होती. घरी अजून सांगितलं नव्हतं. मी सगळं ऐकलं. मला दया आली नाही. यायला हवी होती का, तेही मी स्वतःला विचारलं नाही.

"एक जण आहेत," मी शेवटी म्हणाले. "सिडकोत दुकान आहे. अंबड-सातपूरचे सगळे लहान कारखानदार त्यांच्या शब्दावर माल उचलतात. कोड बघत नाहीत ते, माल बघतात. त्यांनी मनावर घेतलं तर तुमची साठ रिळं महिन्यात जातील."

त्यानं माझे हात धरायचेच काय ते बाकी ठेवले. मी पत्ता लिहून दिला. नाव लिहिलं नाही.

संध्याकाळी घरी जाताना सरांकडे थांबले आणि सगळं सांगितलं. यादीचंही सांगितलं. ते एका बोर्डवरचा जळलेला रिले काढत होते. काम थांबवलं नाही.

"चिल्लर म्हणाला?"

"हो सर."

"बरं," ते म्हणाले. "उद्या अकराला ये म्हणावं."

मला धास्तीच पडली. सरांचा स्वभाव मला ठाऊक होता. ते त्याला चहा पाजतील, रिळं ठेवून घेतील आणि वर म्हणतील, जाऊ दे हर्षदा, त्याचीही मुलंबाळं आहेत. म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी साडेदहालाच दुकानात जाऊन बसले.

आणि सरांनी चहाच मागवला. टिपणीस मला तिथे बघून खूश झाला. त्याला वाटलं, मी शिफारस करायला आलेय. सरांनी रीळ हातात घेतलं, पाकीट उघडलं, आतलं दमटपणा दाखवणारं कार्ड बघितलं, भिंगाखाली एक चिप धरली. त्यांची बोटं इतकी हळुवार फिरत होती की मला रडू यायला लागलं. हीच चिप. चाळीस आठवडे आम्ही हिची वाट पाहिली होती.

"माल चांगला आहे," सर म्हणाले.

"एक नंबर माल आहे साहेब!"

"थांबा, एक दाखवतो." सर उठले आणि टेबलाखालचा एक खोका बाहेर ओढला. त्यातून त्यांनी एक हिरवा बोर्ड काढला, फडक्यानं पुसला आणि टिपणीसच्या हातात दिला.

मी बघतच राहिले. ते बोर्ड भंगारात गेले असं आम्हाला सगळ्यांना सांगितलं होतं त्यांनी. दुकानाच्या मागच्या भिंतीला छतापर्यंत खोके लावलेले होते. मी शंभरदा तिथे आले होते आणि त्यात काय आहे हे कधी विचारलं नव्हतं.

टिपणीसनं बोर्ड उलटसुलट केला. "मधला चौकोन रिकामा आहे. कंट्रोलर बसवायचा राहिलाय."

"हो. बाकी सगळं बसवलंय. एक तेवढा आला नाही."

"का? काय झालं?"

"कबूल केला होता. चाळीस आठवडे थांबलो. मग डिस्ट्रिब्युटरनं दुसऱ्याला दिला."

"हो, त्या वर्षी असं फार झालं," टिपणीस सहानुभूतीनं म्हणाला. "किती नग होते?"

"चार हजार."

टिपणीसनं मागच्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा आवाज तो आठवत असावा, कारण त्याचं तोंड हळूहळू उतरलं. हातातला बोर्ड कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"साहेब... काय नाव होतं हो तुमच्या कंपनीचं?"

"तुमच्याकडे असेल कुठेतरी," सर म्हणाले. "शोधा."

चहावर साय धरली. मग टिपणीस घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सर, चूक झाली. हे चार हजार नग मी असेच देतो. पण बाकीच्या मालाचं तेवढं बघा. तुमच्या हातात आहे."

सरांनी रिळाचं पाकीट पुन्हा नीट बंद केलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"चाळीस आठवडे थांबा," ते म्हणाले. "मग कळवतो."

टिपणीस हसला. सर गंमत करतायत असं त्याला वाटलं. सर हसले नाहीत. आवाजही चढला नव्हता. वीस वर्षं मी त्या माणसाला ओळखत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली. आणि आनंदही झाला, इतका की लपवायला मी रिकामे कप उचलून बेसिनपाशी गेले.

"दुकान दहाला उघडतं," सर मागून त्याला सांगत होते. "सोमवारी फोन केलात तरी चालेल."

आणि त्यानं केला. बुडत्या माणसाला पर्याय काय? पहिले काही सोमवार रुबाबात, मग अदबीनं. सर दर वेळी तेवढंच म्हणत, अजून काही ठरलं नाही. दिवाळीला त्याची केबिन गेली, होळीच्या सुमाराला नोकरीही गेली. माल त्याच्या गळ्यात मारून कंपनी मोकळी झाली. साठ रिळं त्याच्या ठाण्याच्या घरात, बेडरूममध्ये ठेवली आहेत असं बाजारात बोलत होते. सोमवारचा फोन मात्र चुकला नाही.

मे महिन्यात एकेचाळिसावा आठवडा लागला. मी ऑफिसला जाण्याआधी दुकानात गेले. सरांनी नुकतंच सोल्डरिंग गन तापायला ठेवली होती. बरोबर दहाला फोन वाजला. सरांनी नाव बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"तू घे," ते म्हणाले. "चाळीस मी घेतले."

मी स्पीकर लावला.

"हॅलो, नमस्कार, टिपणीस बोलतोय."

"कोण टिपणीस?" मी विचारलं.

पलीकडे पंखा फिरत असावा, त्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, ठेवला. मग तो बोलायला लागला, अगदी सावकाश, शाळेत उभं केल्यासारखा.

"मॅडम, मी श्रीकांत टिपणीस. सुयोग कंट्रोल्स, अंबड. तुमची चार हजार नगांची ऑर्डर होती. आम्ही कबूल केली होती. चाळीस आठवडे तुम्ही फोन करत होता. मग तो माल मी दुसऱ्याला दिला. कुणी सांगितलं नव्हतं, मीच दिला. आणि तुम्हाला फोनवर बोललो ते... तेही मीच. यादीत तुमचं नाव टाकलं नव्हतं. जुन्या फायली काढून शोधलं मी. तो टिपणीस."

सर मान खाली घालून गनच्या टोकाकडे बघत होते. कथिल वितळायला लागलं होतं.

"कंपनीचं नाव पुन्हा सांगा," मी म्हणाले.

"सुयोग. सुयोग कंट्रोल्स."

"जरा होल्ड करा हं."

फोन तसाच टेबलावर ठेवला आणि समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. चहा आला. सरांनी अर्धा बशीत ओतला. त्यांची सवय तशी. कप रिकामा झाला तेव्हा घड्याळात सव्वादहा वाजून गेले होते. मी फोन उचलून कानाला लावला.

तो अजून होता.